जुन्या आर्केड खेळांची पुनर्रचना : यंत्राची घडण समजून घेण्याचा एक मार्ग

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या हाती पहिला मोबाइल आला तेव्हा त्यात एक साप होता. पडद्यावर वळणे घेत खाद्य टिपणारा, खाल्ल्यावर लांब होणारा आणि स्वतःच्याच शेपटीवर आपटला की संपणारा. १९९७ साली बाजारात आलेल्या नोकिया ६११० या फोनसाठी तो तानेली अर्मांतो या फिनलंडच्या अभियंत्याने लिहिला. परंतु सापाची मूळ कल्पना त्यांची नव्हे. अमेरिकेतील ग्रेमलिन या कंपनीने १९७६ साली 'ब्लॉकेड' नावाचे नाणे टाकून खेळायचे यंत्र तयार केले होते. त्यात दोन खेळाडू पुढे पुढे जात, प्रत्येकाच्या मागे भिंत उभी राहत जाई आणि जो प्रथम भिंतीवर आपटेल तो हरे. म्हणजे आपल्या एस.टी.च्या प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत आपण जो खेळ खेळलो तो एकवीस वर्षे जुन्या यंत्राची पुनर्रचना होता.

प्रस्तुत लेखाचा विषय हीच पुनर्रचना होय. १९७० ते १९८५ च्या सुमारास अमेरिका आणि जपानमध्ये उपाहारगृहांत, बारमध्ये व खास दालनांत नाणे टाकून खेळण्याची जी यंत्रे असत त्यांना आर्केड खेळ म्हणतात. आज जगभर जे तरुण संगणकावर खेळ तयार करण्याची विद्या शिकतात, त्यांच्यात हे जुने खेळ एकेक करून स्वतःच्या हाताने पुन्हा घडवण्याची प्रथा रुजली आहे. कोणी स्वतःलाच तसे आव्हान घालून घेतो, तर कोणी ठरावीक मुदतीच्या स्पर्धेत उतरतो. 'लुडम डेअर' ही अशी स्पर्धा २००२ पासून चालत आली आहे. तिच्या मूळ प्रकारात एकट्याने, ४८ तासांत, सर्व काही स्वतः निर्माण करून खेळ पूर्ण करायचा असतो. २००९ पासून 'ग्लोबल गेम जॅम' हा मेळावा अनेक देशांत एकाच वेळी भरतो. २०१२ पासून सुरू असलेल्या एका स्पर्धेत संपूर्ण खेळ १३ किलोबाइटमध्ये, म्हणजे १३,३१२ बाइटमध्ये बसवावा लागतो. आजच्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

पालकसभेत आम्हांस सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. "सर, पोरगं दिवसभर गेम खेळतं, काय करावं?" हा असतो. मोबाइल काढून घ्यावा, हे उत्तर सोपे आहे आणि कधीकधी योग्यही आहे. पण ज्या वस्तूने मुलाचे मन धरून ठेवले आहे ती आतून कशी चालते, हे त्याला दाखवण्याचाही एक मार्ग आहे, आणि तो आम्हांस अधिक फलदायी वाटतो. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. आमचे म्हणणे असे की हा विषय मुळात इतिहासाचाच आहे. पुरातत्त्वज्ञ जुन्या पद्धतीने मडके भाजून पाहतो, दगडाचे हत्यार घडवून पाहतो. त्यावाचून मूळ कारागिराच्या अडचणी त्याला कळत नाहीत. जुना खेळ पुन्हा घडवणे हे त्याच जातीचे काम आहे.

सापापासूनच आरंभ करू. साप पडद्यावर सरकतो तेव्हा त्याच्या अंगाचा प्रत्येक तुकडा हलतो, असे पाहणाऱ्याला वाटते. नवशिका प्रथम तसेच लिहू पाहतो : दुसरा तुकडा पहिल्याच्या जागी, तिसरा दुसऱ्याच्या जागी. साप चाळीस चौकोनांचा झाला की प्रत्येक पावलाला चाळीस हालचाली. प्रत्यक्षात एवढे काही करावे लागत नाही. डोक्यापुढे एक नवा चौकोन जोडायचा आणि शेपटीचा शेवटचा चौकोन पुसायचा. मधले सारे आहे तिथेच राहते, तरी साप पुढे गेलेला दिसतो. आणि खाद्य खाल्ले तर? तर त्या वेळी शेपटी पुसायची नाही, म्हणजे साप आपोआप एका चौकोनाने वाढतो. वाढ होण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. एक गोष्ट करायची टाळावी लागते. सातवी-आठवीच्या मुलाला हे चौकटीच्या वहीवर खडूचे तुकडे मांडून दाखवले की त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो तो प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा आहे.

अशा पुनर्रचनेत बहुतेक जण पहिला खेळ निवडतात तो 'पाँग'. दोन उभ्या पट्ट्या, मध्ये एक चेंडू. गंमत अशी की पाँग स्वतःच सरावाचा पाठ म्हणून जन्माला आला. १९७२ साली अटारी कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी नव्याने नोकरीस लागलेल्या ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याला हात बसावा म्हणून हे काम दिले, आणि त्याने ते मनापासून करावे यासाठी जनरल इलेक्ट्रिकशी आपला करार झाला आहे अशी थाप मारली. अल्कॉर्न यांनी त्यात स्वतःची भर घातली. पट्टीचे त्यांनी आठ भाग कल्पिले. चेंडू मधल्या भागावर आला तर सरळ परततो, कडेच्या भागावर आला तर तिरपा जातो. शिवाय टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढतो. हे दोन नियम नसते तर पाँग हा भिंतीवर चेंडू आपटण्याइतकाच नीरस झाला असता. त्यांच्या विद्युतमंडलात एक उणीवही होती : पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोहोचत नसे. ती दुरुस्त न करता त्यांनी तशीच ठेवली, कारण अन्यथा दोन तरबेज खेळाडू अनंत काळ खेळत बसले असते. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका बारमध्ये पहिले यंत्र ठेवले गेले आणि काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न यांनी उघडून पाहिले, तर नाण्यांचा डबा ओसंडून यंत्र अडकले होते.

पाँगमध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हता, प्रोग्रामही नव्हता. सारे नियम तारा आणि चिप यांच्या जोडणीत होते. आजचा विद्यार्थी तेच नियम दहा-वीस ओळींच्या कोडमध्ये लिहितो. मात्र त्याला दोन अडचणी येतात, ज्या अल्कॉर्न यांना आल्या नव्हत्या.

पहिली अडचण काळाची. पडद्यावरचे चित्र सेकंदाला अनेकदा नव्याने रेखाटले जाते. एकेका रेखाटनास फ्रेम म्हणतात. "दर फ्रेमला चेंडू चार पिक्सेल सरकव" असे लिहिले, तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर चेंडू २४० पिक्सेल जाईल आणि १२० फ्रेम दाखवणाऱ्या नव्या फोनवर ४८०. तोच खेळ महाग फोनवर दुप्पट वेगाने धावेल! यावर उपाय आपल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे : विस्थापन म्हणजे वेग गुणिले काळ. मागच्या फ्रेमपासून किती काळ लोटला ते मोजायचे आणि तेवढ्याच प्रमाणात चेंडू सरकवायचा. जे सूत्र परीक्षेपुरते पाठ केले जाते ते येथे एकदम कामाला येते.

दुसरी अडचण टकरीची. संगणकाच्या लेखी चेंडू सलग प्रवास करीत नाही, तो उड्या मारतो. पट्टी दहा पिक्सेल जाड आणि चेंडूची उडी वीस पिक्सेलची असेल, तर एका फ्रेममध्ये चेंडू पट्टीच्या अलीकडे आणि दुसऱ्या फ्रेममध्ये पलीकडे असू शकतो. मध्ये टक्कर झाली असे यंत्राला कळतच नाही आणि चेंडू भिंतीतून भूत जावे तसा आरपार जातो. तेव्हा "चेंडू आता कोठे आहे" एवढे विचारून भागत नाही; "येथवर येताना त्याची रेषा पट्टीला छेदून गेली का" असे विचारावे लागते. भूमितीतील छेदणाऱ्या रेषा आम्ही शिकलो त्या काळी त्यांचा असा काही उपयोग असेल असे आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

पाँगनंतर 'ब्रेकआउट'. १९७६ साली अटारीनेच पाँगची पट्टी आडवी करून खाली ठेवली आणि वर विटांच्या आठ ओळी रचल्या. चेंडूने विटा फोडायच्या. या खेळाचा एक आराखडा स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी स्टीव्ह जॉब्ज यांच्यासाठी चार दिवसांत तयार केला होता; पुढे या दोघांनी ॲपल कंपनी काढली. जत्रेत आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या राखाडी पडद्याच्या 'ब्रिक गेम' खेळण्यात विटा फोडण्याचा जो प्रकार असतो त्याचे कूळ येथे आहे.

या ब्रेकआउटने जपानमधील एका अभियंत्याच्या मनात घर केले. तोमोहिरो निशिकादो हे ताइतो कंपनीत होते. विटांऐवजी हालचाल करणारे, उलट मारा करणारे शत्रू असतील तर काय होईल, असा विचार त्यांनी केला आणि १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. आमच्या मते संगणकीय खेळांच्या इतिहासात यासारखे बोधप्रद उदाहरण दुसरे नाही, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

पडद्यावर पाच ओळींत अकरा अकरा, असे ५५ परग्रहवासी. ते एका दिशेने सरकतात, कडेला पोहोचले की एक पायरी खाली उतरतात आणि उलट दिशेने निघतात. खाली खेळाडूची तोफ. सुरुवातीस त्यांची चाल संथ असते. जसजसे ते मारले जातात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात आणि शेवटचा एकटा तर वेड्यासारखा पळतो. हृदयाच्या ठोक्यांसारखे चार सुरांचे पार्श्वसंगीतही त्याबरोबर जलद होत जाते. हा वाढता वेग हाच त्या खेळाचा प्राण आहे. पण तो आला कोठून?

या यंत्रात इंटेल ८०८० हा प्रोसेसर होता. एकूण कार्यस्मृती ८ किलोबाइट. त्यांपैकी ७ किलोबाइट पडद्यावरच्या चित्रालाच लागत. सर्व ५५ आकृत्या एकाच फ्रेममध्ये पुसून नव्याने काढणे त्या प्रोसेसरच्या आवाक्यात नव्हते. म्हणून दर फ्रेमला एकच परग्रहवासी हलवला जाई. ५५ जण असताना सर्वांची एक फेरी पूर्ण व्हायला ५५ फ्रेम, म्हणजे सुमारे एक सेकंद लागे. दहा उरले की दहा फ्रेम. एकच उरला की तो सेकंदाला ६० वेळा हले. वेग वाढवावा असे कोणी कोडमध्ये मुद्दाम लिहिलेच नव्हते. काम कमी झाले म्हणून यंत्र उरलेल्यांना लवकर न्याय देऊ लागले, इतकेच. निशिकादो यांच्या हे लक्षात आले आणि त्याने खेळाची रंगत वाढते हे पाहून त्यांनी ते तसेच राहू दिले.

आता आजचा विद्यार्थी हा खेळ पुन्हा घडवतो तेव्हा काय होते पाहा. त्याचा संगणक हजारो आकृत्या एका फ्रेममध्ये लीलया हलवतो. तो ५५ परग्रहवासी मांडतो, सर्वांना एकदम सरकवतो, गोळ्या जोडतो, गुण जोडतो. सर्व काही बरोबर असते आणि खेळ मात्र निर्जीव असतो. मूळ यंत्रात जी मर्यादा होती ती आता नाही, म्हणून तिचे फळही नाही. त्याला ती मर्यादा नियम म्हणून पुन्हा लिहावी लागते. त्यासाठी एक तर जुन्या यंत्राप्रमाणे दर फ्रेमला एकालाच हलवावे लागते, नाहीतर उरलेल्या संख्येवरून वेग ठरवावा लागतो. दुसरा मार्ग सोपा, पण त्यात सर्व परग्रहवासी एकदम टुणकन उडी मारतात. मूळ खेळात जी लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकताना दिसे ती नाहीशी होते. ही लाट ज्याच्या डोळ्यांनी टिपली त्याला मूळ यंत्राची तंगी कळली, असे आम्ही समजतो.

दुसरी बारीक गोष्ट. मूळ खेळात खेळाडूची एकच गोळी एका वेळी पडद्यावर राहू शकते. ती काही लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत दुसरी झाडता येत नाही. म्हणजे नेम चुकला तर शिक्षा केवळ गोळी वाया जाण्याची नव्हे, तर वाट पाहण्याची. आणि शत्रू जवळ असेल तर गोळी लवकर लागून लवकर मोकळी होते. नवशिके हा नियम हमखास गाळतात आणि हवा तितका मारा करू देतात. मग दोन मिनिटांत पडदा साफ होतो आणि खेळात राम राहत नाही.

निशिकादो यांनी प्रथम रणगाडे व विमाने लक्ष्य म्हणून घेऊन पाहिली होती. त्यांची हालचाल पडद्यावर सफाईदार दिसेना. माणसांची आकृती चांगली हलत होती, परंतु माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ कंपनीला मान्य नव्हता. म्हणून अष्टपाद, खेकडा, माकूळ यांच्या आकाराचे परग्रहवासी आले. आज मुलांच्या मोबाइलमध्ये माणसे माणसांना मारताना पाहून अस्वस्थ होणाऱ्या पालकांनी हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

येथे नाण्याविषयी बोलले पाहिजे. हे सर्व खेळ एका नाण्यात किती वेळ द्यायचा या हिशेबावर उभे होते. फार लवकर संपला तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. फार लांबला तर यंत्राचा मालक उपाशी. तीन जीव, वाढत जाणारी अडचण आणि अखेर अटळ हार ही रचना त्या हिशेबातून आली. ज्याला आज आपण खेळाचे सौंदर्य म्हणतो त्याचा मोठा भाग धंद्याचे गणित होता, हे विद्यार्थ्याला सांगायला हवे. तसे सांगितले की तो आपल्या हातातल्या 'फुकट' खेळाकडेही वेगळ्या नजरेने पाहतो : येथे नाणे कोठे टाकले जाते? पाच मिनिटांनी येणारी जाहिरात, उद्या पुन्हा आलास तर बक्षीस, थांबायचे नसेल तर दहा रुपये. हेही मेकॅनिक्सच आहे. पूर्वीचा नाण्याचा डबा निदान समोर दिसत असे.

'ॲस्टरॉइड्स' (१९७९) विषयी थोडक्यात. त्यातील यान इंजिन बंद केल्यावरही सरकत राहते. चटकन थांबायचे तर उलट तोंड करून इंजिन चालवावे लागते. जडत्वाचा नियम येथे बोटांना शिकावा लागतो. मोठा दगड फुटून दोन मध्यम, मध्यम फुटून दोन लहान होतात, म्हणजे गोळी झाडण्याने संकट आधी वाढते आणि मग संपते. पडद्याच्या उजव्या कडेने गेलेले यान डावीकडून परत येते; हे साधण्यासाठी भागाकाराची बाकी एवढेच गणित पुरते. या खेळाची मुळे १९६२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. येथे स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पूर्ण केलेल्या 'स्पेसवॉर' या खेळात आहेत.

इतके सारे एकमेकांचे घेतलेले आहे, तर मग ही चोरी नव्हे काय? हा प्रश्न आम्हांस विद्यार्थ्यांनीच विचारला आणि तो टाळण्याजोगा नाही. पाँगच्या आधी राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून मॅग्नावॉक्स कंपनीचे 'ओडिसी' हे घरगुती यंत्र निघाले होते, त्यात टेबल टेनिस होते आणि बुशनेल यांनी मे १९७२ मध्ये ते प्रात्यक्षिकात पाहिले होते. मॅग्नावॉक्सने अटारीवर दावा लावला आणि १९७६ साली अटारीने तडजोड करून परवाना घेतला. पुढे १९८२ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयासमोर 'पॅक-मॅन'सारख्या दिसणाऱ्या 'के. सी. मंचकिन' या खेळाचा वाद आला. न्यायालयाने जो भेद मांडला तो ध्यानात घेण्यासारखा आहे : चक्रव्यूहात ठिपके खात पळण्याची कल्पना व तिचे नियम कोणा एकाच्या मालकीचे नाहीत, परंतु त्या विशिष्ट पात्रांची रूपे व त्यांचे वागणे ही अभिव्यक्ती आहे, आणि ती उचलता येत नाही. आमच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही त्याचे साधे रूप केले आहे. नियम अभ्यासा, चित्रे स्वतःची काढा, आवाज स्वतःचे करा, नाव स्वतःचे ठेवा आणि पहिल्याच पडद्यावर मूळ खेळ व त्याचा कर्ता यांचा उल्लेख करा. ज्याच्या श्रमावर आपण उभे आहोत त्याचे नाव घेण्याने आपले काही कमी होत नाही.

आता 'पॅक-मॅन'. १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी तो घडवला तेव्हा ते पंचविशीत होते. गोळीबाराच्या खेळांमुळे ही दालने पुरुषांचीच झाली होती. स्त्रियांनाही यावेसे वाटेल असा खेळ त्यांना हवा होता, म्हणून विषय निवडला तो खाण्याचा. चक्रव्यूहात २४० ठिपके आणि चार मोठ्या शक्तिगोळ्या. पाठीमागे चार भुते. ही चार भुते हाच या खेळाचा गाभा आहे. नवशिका चौघांनाही "खेळाडूचा पाठलाग कर" एवढेच सांगतो. मग चौघे एकामागे एक रांगेत धावतात आणि खेळाडू त्यांना गोल गोल फिरवत राहतो.

इवातानींनी प्रत्येकाला स्वभाव दिला. जपानी आवृत्तीत त्यांची वर्णनेच तशी आहेत : पाठलाग करणारा, दबा धरून बसणारा, लहरी आणि वेड पांघरणारा. लाल भूत खेळाडू ज्या चौकोनात आहे त्याच चौकोनावर नजर ठेवते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडापुढील चौथ्या चौकोनाकडे निघते, म्हणजे वाट अडवते. निळ्याचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा : खेळाडूच्या पुढील दुसरा चौकोन घ्यायचा, लाल भुतापासून तेथवर रेषा काढायची आणि ती तेवढीच पुढे वाढवायची, त्या टोकाकडे निळे जाते. त्यामुळे लाल कोठे आहे त्यावर निळ्याचे वागणे अवलंबून राहते आणि दोघांनी ठरवून घेरल्याचा भास होतो. नारिंगी भूत आठ चौकोनांहून दूर असेल तर पाठलाग करते, जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे पळ काढते. वेड पांघरून पेडगावला जाणे, हे आपल्या भाषेत त्याचे नेमके वर्णन होईल.

नियम चारच, प्रत्येक एका वाक्यात सांगता येणारा. कोणतेही भूत दुसऱ्याशी सल्लामसलत करीत नाही, पुढचा विचार करीत नाही. प्रत्येक वळणावर आपल्या लक्ष्याजवळ नेणारा चौकोन निवडते, बस्स. तरी खेळणाऱ्याला वाटते, ही चौघे बुद्धिमान आहेत आणि माझ्याविरुद्ध कट करीत आहेत. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द ऐकून दिपून जाण्याच्या आजच्या दिवसांत विद्यार्थ्याने हा अनुभव एकदा घ्यावाच.

संगणकांची संख्या आमच्याकडे मुलांच्या मानाने नेहमीच कमी राहिली आहे. म्हणून हा पाठ आम्ही पटांगणात घेतो. फक्कीने चौकोन आखायचे, एका मुलीने खेळाडू व्हायचे, चौघांनी भुते. प्रत्येक भुताच्या हाती त्याचा एकच नियम लिहिलेली चिठ्ठी. ती दुसऱ्याला दाखवायची नाही. टाळी वाजली की प्रत्येकाने एक चौकोन सरकायचे. चार-पाच डावांनंतर पाहणाऱ्या मुलांना, कोणत्या भुताजवळ कोणती चिठ्ठी आहे ते ओळखायला सांगायचे. लाल लगेच ओळखला जातो, निळा बहुधा कोणालाच ओळखता येत नाही. ज्या दिवशी हे झाले त्यानंतर कोड लिहायला बसलेल्या मुलाला काय लिहायचे ते सांगावे लागत नाही, कसे लिहायचे तेवढेच सांगावे लागते. साधनांचा खर्चही नाही : २०१४ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेले 'गोडो', किंवा लहान मुलांसाठी 'स्क्रॅच', जुन्या संगणकावरही शिकण्यापुरते चालतात.

गुलाबी भुताची एक गोष्ट सांगायची राहिली. त्याचे लक्ष्य खेळाडूच्या पुढील चौथा चौकोन, असे आम्ही वर म्हटले. परंतु खेळाडू वरच्या दिशेने जात असेल तेव्हा मूळ यंत्रात बेरजेची एक चूक होते आणि लक्ष्य चार चौकोन वर व त्याबरोबर चार चौकोन डावीकडे सरकते. निळ्या भुताच्या हिशेबातही हीच चूक शिरते. जाणकार खेळाडूंनी ती हेरली आणि तिचा फायदा घेत डावपेच रचले. तसेच या खेळात पातळीची संख्या एका बाइटमध्ये साठवलेली असल्याने २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि रंगांच्या कचऱ्याने भरतो आणि तेथे खेळ अडतो.

पुनर्रचना करणाऱ्याने या चुका उतरवून घ्याव्यात की सुधाराव्यात? जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकासमोर नेमका हाच पेच असे. सुधारले तर कर्त्याचा मूळ हेतू साधतो, पण चाळीस वर्षे लोक जो खेळ खेळले तो हा राहत नाही. उतरवले तर चूकही वारसा होते. आमच्या वर्गात यावर मोठा वाद झाला आणि तो मिटला नाही. शेवटी मुलांनी कोडमध्ये एक खटका ठेवला : तो एका बाजूला असला की भूत मूळ यंत्राप्रमाणे चुकते, दुसऱ्या बाजूला असला की बरोबर चालते. खटक्याखालच्या ओळीत त्यांनी असे का केले ते मराठीत लिहून ठेवले आहे.